डाव्या दांड्यावरचा नंबर

बातमी आली तेव्हा मी कल्याणला एका लॉरीखाली उताणा पडलेलो. गिअरबॉक्स उतरवायचा होता, एक बोल्ट काही केल्या सुटत नव्हता, तोंडावर तेल ठिबकत होतं. तेवढ्यात लॉरीच्या बाजूला दोन चपला येऊन थांबल्या. आमच्या शेजारच्या नानांच्या चपला, खाली टायरचा तळ लावलेल्या, मीच लावून दिलेल्या. ठाण्याहून नाना इथवर आले आणि बोलत काहीच नाहीत. मी खालूनच ओरडलो, "अहो नाना, तोंडानं बोला की, नुसते पाय काय दाखवताय?" तर म्हणाले, "गोविंदा, बाहेर ये. हात धू आधी." ... हात धू म्हणाले तिथेच मला कळलं. काम करणाऱ्या माणसाला भर कामात हात धू असं उगाच कोणी सांगत नाही.

माझी बायको गेली त्याला आता सात आठवडे झाले. सकाळी मला डबा दिला, दुपारी पाण्याची कळशी उचलताना खाली बसली, ती बसलीच. लोक भेटायला आले आणि म्हणाले, सवाष्ण गेली, भाग्याची हो. मी ऐकून घेतलं. भाग्य काय ते मला माहीत आहे. आयुष्यात एक काम तिनं मनापासून केलं, आणि ते दुसऱ्याच्या नावानं छापून आलेलं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. ह्याला भाग्य म्हणत असतील तर म्हणोत.

बाराव्या दिवशी मालक आला. मालक म्हणजे ज्याची मोटार आम्ही उभी केली तो. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. भितो म्हणून नाही. त्यानं तिचं लिहिलं नाही, म्हणून मी त्याचं लिहीत नाही. तळ्याजवळ बंगला आणि कळव्याला खाडीच्या कडेनं जमीन, एवढ्यावर ठाणेकर ओळखतीलच. तर मालक आला, अर्धा डझन मोसंबी घेऊन. माझ्या खुर्चीवर बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मिस्त्री, फार वाईट झालं हो. बाई हुशार होत्या."

मी मोसंबी कोपऱ्यात सरकवली.

"त्यांच्या कागदांत ती विलायतेची दोन पत्रं असतील. तुम्हाला काय उपयोग त्यांचा? इंग्रजी थोडंच वाचता तुम्ही. माझ्याकडे द्या, मी जपून ठेवतो."

"तेरावा होऊ द्या," मी म्हटलं.

"हो हो, घाई काहीच नाही. फक्त पुढचा महिना संपायच्या आत द्या." उठताना टोपी घातली आणि दारातून म्हणाला, "शेडचंही जरा बोलायचं होतं. मग बोलू."

माझी शेड त्याच्या जमिनीवर आहे. ते मला माहीत नव्हतं असं नाही, पण बाराव्याच्या दिवशी त्यानं आठवण करून दिली. ती मोसंबी मी खाडीत टाकली. आणि ठरवलं, की पत्रं द्यायची, पण ह्याला नाही. आणि सगळं लिहून काढायचं, माझ्या चुकीसकट. मला लिहायची सवय नाही, चार इयत्ता झाल्यात. वाकडंतिकडं असेल तर वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावं.

सासरे कल्याणला पारनाक्याजवळ राहायचे, शाळामास्तर. मुलीला त्यांनी सातवीची फायनल करवली, वर घरी इंग्रजीची तीन पुस्तकं शिकवली, आणि दिली मला, पत्रे ठोकणाऱ्याला. आमच्या पांचाळांत तेव्हा तिच्या जोगता शिकलेला मुलगा मिळेना. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिला विचारलेलं, "तुला राग नाही आला, असा अडाणी मिळाला म्हणून?" तर म्हणाली, "वाचता मला येतंच. घरात हातानं काही करणारं माणूस नव्हतं." एवढं बोलून पीठ मळायला लागली. मूलबाळ झालं नाही. संध्याकाळी ती मला पेपर वाचून दाखवायची, मी ऐकत ऐकत हत्यारं पुसायचो. बायका अंबाड्यात फूल खोचतात, ही पेन्सिल खोचायची. पेपर वाचताना काही आवडलं की पेन्सिल काढून खूण करायची आणि परत खोचायची, न बघता, बरोबर त्याच जागी. तिला नावानं हाक मारायची पद्धत आमच्यात नाही. लग्नात घास भरवताना एकदा नाव घेतलं, पुढे सगळा संसार 'अगं'वर झाला. तिनंही माझं नाव कधी उच्चारलं नाही. ह्या एका गोष्टीनं पुढे केवढा घात केला ते सांगायचंच आहे.

मोटार आमच्याकडे आली ती फाळणीनंतरच्या वर्षी. लढाईत कल्याणला लष्कराची छावणी होती, तिथल्या वर्कशॉपात मी होतो. लष्कर गेलं, बराकींत निर्वासित आले, आणि मोडक्या सामानाचा लिलाव झाला. त्यात मालकानं ही घेतली आणि बैलगाडीला बांधून ओढत कळव्याला माझ्या शेडपाशी आणली. दोन माणसांची विलायती मोटार, शर्यतीच्या घाटाची. पुढचं नाक लांबलचक, चाकं तारांची, दरवाजे इतके खाली कापलेले की बसल्या बसल्या हात रस्त्याला लागावा. पण वरचा कापडी टप फाटलेला, पत्रा चेपलेला, आणि पत्र्याखालचा लाकडी सांगाडा वाळवीनं खाल्लेला. आत कोंबडीनं अंडी घातली होती. मालक म्हणाला, "मिस्त्री, ही नवरीसारखी करून द्या." मी हो म्हटलं, पण मी तिला ओळखलं होतं.

लढाईच्या वेळी छावणीत एक कॅप्टन होता. त्याच्याकडे ह्याच जातीच्या दोन मोटारी होत्या. एकीनं म्हणे विलायतेत शर्यती मारलेल्या, दुसरी साधी. शर्यतवाली त्यानं घाटात ठोकली, तिची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, पार पिळून गेली. साधीचं इंजिन फुटलं. कॅप्टन म्हणाला दोहोंची एक करा, आणि आम्ही केली. साधीची चासी आणि अंग, शर्यतवालीचं इंजिन. शेवटी तो मला म्हणाला, शर्यतवालीची पितळी पाटी काढ आणि हिला लाव. मेसमध्ये फुशारकी मारायला हवी होती त्याला. बोनेटखाली, इंजिनामागच्या भिंतीवर चार रिवेट मारून ती पाटी बसवली. ती मी बसवली, ह्या हातांनी. साहेबानं सांगितलं की करायचं, दुसरा विचार तेव्हा केला नाही. आता ती मोटार माझ्या दारात उभी होती आणि माझ्या चार रिवेटा मला ओळखत होत्या.

ही दुपारी डबा घेऊन शेडवर यायची. पहिल्याच दिवशी पदर नाकाला लावून मोटारीभोवती फिरली आणि मला विचारते, "ही मूळची कुठली?" मी म्हटलं, "विलायतेची, आणखी कुठली!" "विलायतेत कुठली? कोणाची? इथे कशी आली?" मी हसलो. तर म्हणाली, "शेजारी नवं बिऱ्हाड आलं तरी आपण विचारतो, मूळ गाव कोणतं, कोणापैकी तुम्ही. मग हिला का नाही विचारायचं?" तिथून ते सुरू झालं. मी सांगाडा उघडायचा, ती बाजूला वही घेऊन बसायची. जुन्या रंगाचे थर खरवडून कोणता आधीचा, कोणता नंतरचा, ते लिहायची. वाळवीच्या लाकडाचा एकेक तुकडा कागदावर ठेवून तिनं भोवतीनं रेघ मारून घेतली, आणि तिच्या रेघांवरून मी सागवानाचे तुकडे कापले. पत्रा मी वाळूच्या पिशवीवर ठोकून गोल केला. चाकाच्या तारा ताणल्या की ती पेन्सिलीनं एकेक वाजवून बघायची. "ही तिसरी ढिली आहे बघा." असायची ढिली. माझे कान हातोड्यानं गेलेले, तिचे शाबूत होते.

पितळी पाटीवर नंबर होता, २७१४. तिनं तो उतरवून घेतला. जांभळी नाक्याला एक रद्दीवाला होता, त्याच्याकडे गेलेल्या साहेबांच्या बंगल्यांतून इंग्रजी मोटार मासिकांचे गठ्ठे आलेले. ती तिथे गोणपाटावर बसून महिनोन्महिने ते गठ्ठे उलटत राहिली. रद्दीवाला मला विचारायचा, "मिस्त्री, वहिनींचं काही हरवलंय का?" आणि एक दिवस ती शेडवर जवळजवळ धावतच आली. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी धावत, चप्पल हातात घेऊन. एका मासिकात शर्यतीचा फोटो होता, डोंगरावर चढणारी आपल्या जातीची मोटार, आणि खालच्या मजकुरात नंबर २७१४. "अहो, हीच! आपलीच! बघा, दुसरा नंबर आलेली!" तिचे डोळे असे झालेले, की मी... मी सांगायला हवं होतं. तिथेच, त्याच मिनिटाला. पाटी मी ठोकलेली आहे, शर्यतीची मोटार ही नाही, एवढंच बोलायचं होतं. मी म्हटलं, "वा." आणि हातोडा उचलला.

ती माझी चूक. मालकाच्या आधी मी माझं नाव काढतोय, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं स्वतःचं झाकलं.

पुढचे दोन महिने ती घरी बसून वही लिहीत होती. मोटारीचा सगळा इतिहास, कारखान्यापासून वाळवीपर्यंत, काय काय दुरुस्त केलं, कसं केलं. सुरेख अक्षर, मास्तरांच्या मुलीचं. संपली तेव्हा पहिलं पान कोरं सोडलेलं. मी म्हटलं, "इथे नाव घाल." म्हणाली, "तुमचं नाव मी कसं लिहू?" "मग तुझं लिही." "माझ्या नावात तुमचं येतंच की मधे. ते टाळून लिहिलं तर बापाचं लावल्यासारखं होईल." मी म्हटलं, "मास्तरांची लेक ना तू, काढ काहीतरी वाट." खूप हसली. पुढे विलायतेला पत्र धाडताना ती नुसती इंग्रजी अक्षरं घालायची, डी. जी. पांचाळ. म्हणायची, इंग्रजीतल्या एका अक्षरात नवरा मावत नाही, तेवढं चालतं. पण ही वही मराठी. शेवटी ठरलं, छापायची वेळ आली की बघू. पान कोरं राहिलं. त्याच आठवड्यात मालक शेडवर आला, वही चाळली, म्हणाला, "वा बाई, वाचून परत देतो." आणि घेऊन गेला. ती वही आजपर्यंत परत आलेली नाही.

मग चासी घासायची पाळी आली. मी तारेच्या ब्रशनं गंज काढत होतो. पुढच्या डाव्या चाकामागे चासीच्या दांड्यावर नंबर ठोकलेला असतो हे मला ठाऊक होतं, म्हणून ती बाजू मी शेवटी ठेवलेली. तिनंही ते मासिकांत वाचलेलं. मी चहा प्यायला बाहेर गेलो तेवढ्यात तिनंच रॉकेलचा बोळा घेऊन तिथे घासलं, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी धरून घासली, मुलं नाण्याचा ठसा उठवतात तशी. मी आत आलो तर कागद हातात धरून उभी. कागदावर २६०९.

नंबरकडे बघितलं नाही तिनं. माझ्याकडे बघितलं. "अहो," म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

मी सगळं सांगितलं, कॅप्टनचं, दोन मोटारींचं, रिवेटांचं. ती काही बोलली नाही. तो दिवस नाही, दुसरा दिवस नाही. डबा यायचा, आत भाजीबरोबर चटणीही असायची, पण डबा नानांच्या हातून. तिसऱ्या दिवशी स्वतः आली, खोक्यावर बसली आणि म्हणाली, "मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलात ना? मग मोटारीचं काय? तिला दुसऱ्याचं नाव लावून फिरवायची का?" आणि अंबाड्यातली पेन्सिल काढून मोटारीच्या विलायतेतल्या कारखान्याला पत्राचा मजकूर लिहायला लागली. माफ केलं की नाही ते तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

कारखान्याचं उत्तर आलं. २६०९, मूळचा रंग हिरवा, पहिली विक्री एका गावातल्या डॉक्टरीणबाईंना. हिनं त्या गावाच्या पत्त्यावर डॉक्टरीणबाईंना लिहिलं. आम्हाला वाटलं, म्हातारी असेल नसेल. तर स्वतः बाईचं पत्र आलं, चार पानी. बाई त्या मोटारीतून बाळंतिणींकडे जायच्या, पावसात टप गळायचा म्हणून औषधांच्या पेटीवर छत्री बांधायच्या. एकदा गल्लीत गाय आडवी आली आणि डावा दरवाजा आत चेपला. पुढे हिंदुस्थानात निघालेल्या एका तरुण अंमलदाराला त्यांनी मोटार विकली. गायीचं तिनं वाचून दाखवल्याबरोबर मी उठलो. डाव्या दरवाजाच्या आतल्या अंगाला, पत्र्यात, शिसं भरून बुजवलेला एक जुना पोचा मला पहिल्या महिन्यातच हाताला लागलेला. मी तिचा हात धरून तिथे लावला. ती बोटांनी बराच वेळ चाचपत राहिली आणि मग म्हणाली, "विलायतेतही गायी अशाच आडव्या येतात का हो?" आणि डोळे पुसत हसायला लागली. शर्यतीच्या फोटोनं ती धावत आलेली. ह्या पत्रानं ती नुसती बसून राहिली, पत्र मांडीवर घेऊन. मला म्हणाली, "ही जास्त चांगली निघाली."

आता मुंबईत एका क्लबानं जुन्या मोटारींची मिरवणूक काढायचं ठरवलेलं, उत्तम मोटारीला करंडक. मालकाची तयारी चाललेली. आठ दिवस राहिले असताना ही ती दोन पत्रं घेऊन त्याच्या बंगल्यावर गेली. मी म्हटलं मी येतो, तर म्हणाली, "तुम्ही जमिनीचे मिंधे. मी नाही." व्हरांड्यात मालक, त्याचे चार पाहुणे. बस म्हणाला नाही. उभ्यानं तिनं सांगितलं की वहीतला शर्यतीचा भाग चुकीचा आहे, माझी चूक झाली, तो काढून हा खरा घाला. "माझी चूक" म्हणाली. माझं नाव, म्हणजे मी पाटी ठोकली ते, तिनं तिथे काढलंच नाही. मालक पत्र वाचून म्हणाला, "म्हणजे माझी मोटार सुईणीची गाडी?" पाहुणे हसले. मग म्हणाला, "बाई, मोटारीचा इतिहास मिस्त्रीच्या बायकोनं सांगायचा, तर आम्ही काय चुलीपाशी बसायचं?" पुन्हा हसले. ती पत्रं घडी करून परत आली. घरी येऊन दोन पेले पाणी प्याली, एकामागून एक. मला हे सगळं तिनं सांगितलं नाही. मालकाच्या ड्रायव्हरनं सांगितलं, तो फाटकाशी उभा होता.

दुसऱ्या दिवशी मालक शेडवर आला. म्हणाला, "मिस्त्री, त्या दांड्यावरचा नंबर कानशीनं उडवून टाका. नाहीतर शेड रिकामी करा." मी होय म्हटलं. मान खाली घालून होय म्हटलं, हेही लिहितो. पण कानस मी उचलली नाही. त्या खोलगट आकड्यांत रंगाऱ्यांची लांबी कालवून भरली, गुळगुळीत घासली, वर काळ्या रंगाचे दोन हात मारले. मालकानं येऊन अंगठा फिरवून बघितला, खूश झाला. रंगाखाली काय आहे ते अंगठ्याला कळत नाही. कळायला हातानं काम केलेलं असावं लागतं.

मोटार पोचवायच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "चल, बस." "मालक?" "मालक उद्या बसेल." कळव्याच्या पुलावरून, ठाण्यातून, माजिवड्याहून घोडबंदर रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना झाडी, एखाददुसरी बैलगाडी, बाकी रस्ता आपला. पदर तिनं कमरेला खोचलेला, अंबाडा सुटायला आलेला, एक हात दरवाजाबाहेर. गाडी नीट सूर धरून चाललेली. ओवळ्याच्या अलीकडे ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई अशीच बसत असेल?" मी म्हटलं, "ती चालवत होती." "मग मी का नाही?" मी गाडी थांबवली. जागा बदलल्या. पाय कुठे ठेवायचा ते एकदाच सांगितलं, गिअर मी बाजूनं हात घालून टाकले, चाक तिच्या हातात. अर्धा मैल नेली तिनं, सरळ, ओठ घट्ट मिटून. समोरून येणारा गाडीवान बैल थांबवून बघतच राहिला. ती त्याच्यावर ओरडली, "दादा, बाजूला घे की रे, मला वळवता येत नाही!" ... लोक मला विचारतात, करंडक मालकाला मिळाला तेव्हा कसं वाटलं. मला वाटलं, त्या मोटारीची पहिली सवारी झाली होती, आणि त्या सवारीत मालक नव्हता.

करंडक मिळाला. मग एका साप्ताहिकात मालकाचा मोठा लेख आला, मोटारीला टेकून उभा असलेला फोटो आणि वर 'माझे संशोधन'. ती मला वाचून दाखवायला बसली. दोन ओळी वाचल्या आणि थांबली. "हे माझं आहे," म्हणाली. पुढे वाचलं, "हेही." सगळी वहीच होती. 'दरवाजा उघडला तेव्हा आत वाळवीने एक गाव वसवले होते', हे तिचं वाक्य, मी ऐकलेलं ते लिहिताना. त्या माणसानं वाळवी कधी जवळून बघितली नसेल. माझं काम त्याचं झालं, तिचं डोकं त्याचं झालं, आणि शर्यतीची खोटी गोष्ट तशीच, उलट मीठमसाला लावून. वही कोणाची हे कशावरून म्हणणार? पहिलं पान कोरं होतं.

मी उठून कोयता शोधायला लागलो होतो. ती म्हणाली, "बसा." अंबाड्यातून पेन्सिल काढली आणि छापलेल्या लेखात दुरुस्त्या करायला लागली. २७१४ खोडून २६०९. शर्यतीवर काट मारून कडेला डॉक्टरीणबाई. एका जागी मालकानं स्वतःच्या पदरचं शुद्धलेखन घातलेलं, तेही नीट केलं. मी म्हटलं, "हे कोण बघणार आहे?" म्हणाली, "चूक तशीच ठेवू नये. लोक खरं धरून चालतात." ते सगळं उतरवून तिनं साप्ताहिकाला पाठवलं. उत्तर नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दर वेळी पोस्टमन आला की दारापर्यंत जायची. तिला करंडक नको होता. खरी गोष्ट तिच्या अक्षरात, तिच्या नावानं एकदा छापलेली बघायची होती. सहा वर्षं ती वाट बघत होती, आणि सहा वर्षं मी शेड जाईल म्हणून गप्प होतो. मालकानं तिला व्हरांड्यात उभं ठेवलं, मी घरात.

आता मालकाला घाई का झाली तेही ड्रायव्हरकडूनच कळलं. ह्या महिनाअखेरीच्या मिरवणुकीला विलायतेहून एक जाणता पाहुणा येणार आहे. तो नंबर बघून आणि कागद तपासून निकाल देणार. पाटी आहेच, इंजिन आहेच. फक्त ही दोन पत्रं नकोत.

तर मालक, ऐका. दोन्ही पत्रं मी हा लेख छापणाऱ्या संपादकांच्या हातात दिली आहेत, तिच्या दुरुस्त्यांच्या पानासकट. त्यांनी वाचून खात्री केली तेव्हाच हे छापलंय. आणि मिरवणूक बघायला जाणाऱ्या सगळ्यांना, त्या विलायती पाहुण्यालाही कोणीतरी सांगा, माझं सांगणं आहे: पुढच्या डाव्या चाकामागे वाका. चासीच्या दांड्यावर, चाकापासून वीतभर अंतरावर, नाण्याच्या कडेनं खरवडा. काळा रंग निघेल, खाली राखाडी लांबी लागेल. तीही खरवडा. ठिसूळ आहे, मी मुद्दाम ठिसूळ कालवलेली. मग आकडे वाचा. नंतर डाव्या दरवाजाच्या आत हात घाला आणि गाय कुठे लागली ते चाचपून बघा. आता कानस घेऊन धावलात, मालक, तरी उपयोग नाही. ताजी कानस चमकते, आणि ती का मारली हे हा लेख वाचणारा प्रत्येक जण तुम्हाला विचारेल. शेड घ्या. हत्यारं मी नानांकडे हलवली आहेत.

माझ्या मनात दया नाही. असती तर हे मी तिच्या हयातीत लिहिलं असतं, तिच्यावर दया म्हणून.

तिला आंघोळ घालताना बायकांनी केस सोडले, तेव्हा अंबाड्यातून पेन्सिल निघाली. नानांच्या बायकोनं ती बाहेर आणून माझ्या हातावर ठेवली. हा लेख मी त्या पेन्सिलीनंच लिहिलाय. आता बोटाच्या पेराएवढी उरली आहे. समोर कपाटाच्या दाराला आतून तो पातळ कागद चिकटवलेला आहे, २६०९, आणि आकड्यांच्या भोवती तिच्या हाताची तिरकी घासाघीस. एका कोपऱ्यात तेलकट अंगठा उठलाय, तो तिचा की माझा ते कळत नाही.

वही मालकाकडे आहे. पहिलं पान त्यानं फाडलं नसेल तर अजून कोरंच असेल. त्या पानावर जायचं ते मी इथे लिहितो.

मोटारीचा खरा इतिहास शोधणार: द्वारका गोविंद पांचाळ.

खोटी पाटी ठोकणार: गोविंद पांचाळ.

तिचं नाव लिहिताना टोक मोडलं. ब्लेडनं पुन्हा काढलं, तिच्यासारखं बारीक जमलं नाही. केसांत टोक तुटू नये म्हणून ती पेन्सिल नेहमी टोक वर करून खोचायची. मी ती तिच्या फणीच्या डब्यात ठेवली आहे, टोक वर करून.